सहा एकर केळी आणि ११,९०४ युरो

यावल तालुक्यातल्या एका गावात नानांची सहा एकर बागायत आहे. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव, एक विहीर, तीन बोअर, सगळीकडे ठिबक. गावातल्या जमिनीच्या भावाने हिशोब केला तर माणूस कोटीच्या पुढे. हाच माणूस २०२५ च्या जूनमध्ये जळगावातल्या एका बँकेत बसला होता आणि मुलीच्या शिक्षणासाठी साडेसात लाखांच्या वर एक रुपया द्यायला बँक तयार नव्हती.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या दुपारीमुळे. मी जळगावात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवतो. परदेशी जायचं म्हणणारी पाच-सात मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "सर, कोणता देश चांगला?" मीही बरीच वर्षं त्याच प्रश्नाचं उत्तर देत बसलो. या मुलीच्या निमित्ताने प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातोय हे कळलं. नाव-गाव सांगत नाही. घरात तिला माई म्हणतात, आपणही तेच म्हणू.

माईला पाण्यातच शिकायचं होतं आणि त्याला कारण होतं. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी अहवालांत वर्षानुवर्षं नोंदले गेलेत. केळीला पाणी लागतं, पाणी खाली जातं, मग मोटर खाली जाते. नानांनी १९९० च्या दशकापासून एका वहीत मोटर कधी किती फूट खाली सोडली ते लिहून ठेवलंय, खतांच्या हिशोबाशेजारीच. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा तो पट्टा आहे ना, ज्याला भूगर्भवाले बझाडा म्हणतात, तिथून पावसाचं पाणी झिरपून आमच्या विहिरींना येतं. हे माईला पुस्तकात वाचायच्या आधी बापाच्या वहीत दिसलं होतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही तिने त्यावरच केला. गुण बेताचे, सीजीपीए दहापैकी ७.४.

२०२४ च्या दिवाळीनंतर बाप-लेक माझ्याकडे आले. नाना बोलले एकच वाक्य: "वावर इकायचं नाही सर, बाकी तुम्ही सांगसान तसं."

एजंटाची फाईल

माझ्याकडे यायच्या आधी ते एका मोठ्या शहरातल्या सल्ला केंद्रात जाऊन आले होते. एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे, पंचवीस हजार 'फाईल चार्ज'. तिथे त्यांना इंग्लंडमधलं एक वर्षाचं एमएससी सुचवलं गेलं. फी अठरा हजार पौंड. त्यात राहण्याचा खर्च म्हणून लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२५ पासून लागू होणाऱ्या दराने, महिन्याला १,१३६ पौंडांप्रमाणे, नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड खात्यात दाखवायचे. पौंड एकशे पंधरा रुपयांनी धरला तरी बत्तीस लाखांच्या वर. नानांनी विचारलं, जर्मनीत म्हणे फी नसते? तर उत्तर मिळालं, "नसते, पण आपल्याकडे बर्लिनचं एक चांगलं कॉलेज आहे, आठ दिवसांत ऑफर लेटर." ते खासगी होतं, वर्षाला बारा हजार युरो फीचं.

यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही, धंदा आहे. जर्मनीची सरकारी विद्यापीठं साधारणपणे एजंटाला कमिशन देत नाहीत. ज्या दुकानात ज्या मालावर नफा नाही तो माल काउंटरवर कशाला मांडतील? पालकांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं डॉक्टरकडे आलोय, आणि असतात ते औषधाच्या दुकानात. पंचवीस हजार परत मिळाले नाहीत.

पैसा कोणत्या महिन्यात असतो

आम्ही वही घेऊन बसलो. देशांची नावं डावीकडे. उजवीकडे मी नेहमी क्रमवारी, नोकऱ्या, हवामान वगैरे लिहायचो. या वेळी नानांमुळे रकाने बदलले. ते प्रत्येक देशाला दोनच प्रश्न विचारत होते: पैसे किती दाखवायचे, आणि कधी?

केळीवाल्याचा हा प्रश्न खरा आहे. पगारदाराकडे पैसा दर महिन्याला थोडा येतो. आमच्याकडे तो घडाघडाने येतो. जून-जुलैत लावलेली मृगबाग पुढच्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात कापणीला येते, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला कांदेबाग त्यानंतर. कापणी झाली की हातात चार-पाच लाख, मग खत, मजुरी, सोसायटीचं पीककर्ज यांत तो विरतो. खात्याचा उतारा काढाल तर आठ महिने वाळवंट आणि मधेच एक पूर. इंग्लंडच्या व्हिसाला पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून लागतात, एक दिवसही कमी चालत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सगळी देणी थांबवून ती रक्कम २८ दिवस हात न लावता ठेवायची, आणि तीही बत्तीस लाखांची. नाना हसले फक्त.

कॅनडाचा रकाना लवकर मिटला. तिथे २०२४ च्या जानेवारीपासून विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा आली होती, आणि लवकर व्हिसा देणारी एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, म्हणजे आम्ही वही उघडली त्याच सुमारास. पहिल्या वर्षाची फी, शिवाय तेव्हा २०,६३५ कॅनेडियन डॉलर राहण्यासाठी दाखवायचे. ऑस्ट्रेलियात राहण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे आणि नुसत्या व्हिसा अर्जाची फी तेव्हा १,६०० डॉलर होती, नकार आला तरी गेली. आयर्लंड मला आवडतं. एक वर्षात एमएससी होतं आणि पुढे दोन वर्षं नोकरी शोधायला राहता येतं, पण फीसह पंचवीस-तीस हजार युरोंचा घास आहे. अमेरिकेचं नाव नाशिकच्या मामांनी काढलं. त्यावर चर्चा झाली नाही, कारण तिथे पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च आधीच कागदावर दाखवावा लागतो आणि तो आकडा नानांना मोठ्याने वाचून दाखवायचं धाडस मला झालं नाही.

मी स्वतः आधी नेदरलँड्सच्या बाजूने होतो. पाण्याचं शिक्षण म्हटलं की तिथलं डेल्फ्टचं विद्यापीठ. समुद्रसपाटीखाली राहणारी माणसं पाण्याबद्दल हयगय करत नाहीत. पण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला तिथली फी वर्षाला वीस हजार युरोंच्या आसपास. शिष्यवृत्तीची आशा ७.४ वर धरणं म्हणजे वळवाच्या भरवशावर बाग लावणं.

जर्मनीचं गणित वेगळं निघालं. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला शिक्षण-फी नाही, सहा महिन्यांना सत्रशुल्क काय ते भरायचं. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात एका वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे. तिथे पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ९९२ युरो मुलीच्या हाती येतात. शंभर रुपयांचा युरो धरला तर बारा लाख. रक्कम एकदाच भरायची, तिला २८ दिवसांची अट नाही, खातं भरल्याची पावती व्हिसाच्या कागदांना जोडायची. आणि व्हिसा नाकारला तर किरकोळ खर्च वजा जाता पैसे परत येतात.

नानांनी त्यातला खरा फरक माझ्या आधी पकडला. म्हणाले, "म्हणजे फी भरली की गेली. इथले पैसे पोरगीच खाईन ना?" हो. तेच.

७.४ चं काय होतं

देश ठरला म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं. खरं कागदकाम तिथून सुरू होतं.

जर्मन विद्यापीठं आपला सीजीपीए एका सूत्राने बदलून घेतात. सर्वांत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वांत जास्त वजा पास होण्यापुरते गुण यांनी भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. तिथे १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. माईचं गणित: १० वजा ७.४ म्हणजे २.६. पास होण्याचा ग्रेड पॉइंट ४ धरला तर भागाकार सहाने, उत्तर २.३. तोच ५ धरला तर भागाकार पाचाने, उत्तर २.५६. अनेक अभ्यासक्रमांची रेषा २.५ वर असते. म्हणजे तिच्या सगळ्या भवितव्याचा प्रश्न 'पास कितीला' या एका आकड्यावर येऊन ठेपला, आणि गुणपत्रिकेवर तो आकडा छापलेलाच नव्हता. विद्यापीठाकडून 'किमान उत्तीर्ण ग्रेड पॉइंट ४' असं लेखी पत्र आणायला तीन चकरा आणि एक महिना लागला. हे पत्र मी आता प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी आणायला सांगतो.

दुसरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. त्यात दहावीच्या गुणपत्रिकेत नानांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. गावात असल्या अक्षराला कोणी विचारत नाही. ते प्रतिज्ञापत्र वगैरे करून निस्तरलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, फक्त ते पासपोर्ट काढतानाच निस्तरायला हवं होतं.

मग एपीएस. भारतातल्या विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमची पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत याची ती तपासणी. फी अठरा हजार रुपये, आणि वाट पाहायची. हे आधी करायचं की प्रवेश मिळाल्यावर, यावर मुलं वाद घालत बसतात. आधी करा. बरीच विद्यापीठं अर्जासोबतच मागतात.

इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेला नाशिकला जाऊन साडेसहा बँड आले. आमच्या कॉलेजचं 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' हे पत्र काही मुलांना पुरेसं वाटतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी ते चालत नाही.

अर्जासोबतच्या हेतुपत्राचा किस्सा मात्र सांगितलाच पाहिजे. माईने पहिला मसुदा आणला तो त्या सल्ला केंद्राने दिलेल्या साच्यातला. लहानपणापासून अभियांत्रिकीची प्रचंड आवड, जागतिक दर्जाचं शिक्षण, आपल्या नामांकित विद्यापीठात वगैरे. मी म्हटलं, हे पान फाड आणि नानांची वही आण. तिने त्या वहीतल्या नोंदींचा आलेख काढला, एका अक्षावर वर्ष, दुसऱ्यावर मोटरची खोली. रेषा खालीच जाते, आणि चांगल्या पावसाच्या वर्षांत मधेच थोडी वर उसळी घेते. दीड पानाचं पत्र त्या रेषेभोवती लिहिलं: बझाडा पट्ट्यात पुनर्भरण होतं ते किती, उपसा किती, आणि मोजमाप नसताना शेतकरी मोटर खाली सोडण्यापलीकडे काय करू शकतो. शेवटी तापीच्या महापुनर्भरण योजनेचा उल्लेख होता, जिचा करार पुढे १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला. इतकं चांगलं हेतुपत्र मी स्वतः कधी लिहू शकलो नसतो. सांगायला संकोच वाटतो, पण तिची शिफारसपत्रं लिहायला बसलो तेव्हा माझीच वाक्यं मला पोकळ वाटली.

पाण्यावरचे इंग्रजीतून शिकवले जाणारे मास्टर्स जर्मनीत बरे आहेत: स्टुटगार्ट, हॅनोव्हर, ड्रेस्डेन, डुईसबुर्ग-एसेन. शोधायला डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वेबसाइट पुरते, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. यातलं स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतं आणि त्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने (टीयू) तर २०२४-२५ पासून मास्टर्सला सत्राला चार ते सहा हजार युरो लावलेत. 'जर्मनीत फी नसते' हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. माईने सहा ठिकाणी अर्ज केले, त्यातले चार युनी-असिस्टमार्फत, म्हणजे विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत: पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०, एकूण १६५. शेवटच्या तारखांचा एकसारखा नियम नाही. बऱ्याच ठिकाणी १५ जुलै सांगतात, पण परदेशी मुलांसाठी ती कितीतरी अलीकडेही असते.

कोटीचा माणूस, साडेसात लाखांचा कागद

आता ती जूनची दुपार.

प्रवेशपत्रं यायला लागली होती. बँक कर्जाची फाईल प्रवेशपत्राशिवाय उघडत नाही आणि वकिलातीला ब्लॉक खातं भरलेलं लागतं. सप्टेंबरअखेर निघायचं. म्हणजे सगळं सहा-आठ आठवड्यांत बसवायचं. नानांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, "तुमचं घर आहे, जमीन आहे, तारणाची काळजी नको." इथे चूक माझी. मी पगारदार माणूस, माझ्या ओळखीत सगळ्यांचे फ्लॅट.

शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या रचनेत चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाईत जामीनदार, त्यापुढे स्थावर तारण. आणि शेतजमीन हे तारण म्हणून बँकेला नको असते. कारण सरळ आहे: कर्ज थकलं तर बँका ज्या सरफेसी कायद्याखाली मालमत्ता ताब्यात घेऊन विकतात, त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी लुबाडली जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद. चांगलीच आहे. पण त्याच तरतुदीमुळे सहा एकर बागायत शिक्षणाच्या टेबलावर शून्य किमतीची होते. पीककर्जाला तीच जमीन चालते, हे नानांना काही केल्या पटेना. "केळीले पैसे देता, पोरीले नाही?" मॅनेजर भला माणूस होता, त्याने चहा मागवला.

घराचं काय? घर गावठाणात, ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर-आकारणीचा उतारा, मालकीहक्काचा दस्त नव्हे. स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत, पण नानांच्या गावचं पत्रक हाती आलेलं नव्हतं. बिनशेती प्लॉट नाही. शहरात फ्लॅट नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून कधी रिटर्न भरलेलं नाही, त्यामुळे खासगी वित्तसंस्थांच्या बिनतारण कर्जाचंही दार बंद. त्यांना पगाराची चिठ्ठी किंवा रिटर्न लागतं. करमाफ असलं तरी शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरता येतं, आणि दोन-तीन वर्षांची ती कागदं अशा वेळी कामाला येतात. हे सीएने सांगितलं, वेळ निघून गेल्यावर.

एक गैरसमजही तिथेच फिटला. गावात कुणीतरी 'पीएम विद्यालक्ष्मी'चं नाव सांगितलं होतं. ती योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. विद्यालक्ष्मी नावाचं जुनं पोर्टल वेगळं, तिथून परदेशाच्या कर्जाचा अर्ज करता येतो. नावं अशी ठेवली की गोंधळ होणारच. आणखी एक, वाचणाऱ्यांत कुणाला लागू असेल तर: अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची. तिथे विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहतात, म्हणजे देश आणि विद्यापीठ निवडण्याचं गणितच उलट्या बाजूने सुरू करावं लागतं. नंदुरबारकडच्या मुलांनी आधी ती जाहिरात वाचावी, मग विद्यापीठं शोधावीत. माईला ते लागू नव्हतं.

शेवटी पैसे तीन जागांहून आले. नाशिकचे मामा जामीनदार झाले आणि बँकेचे साडेसात लाख मंजूर झाले. १ एप्रिल २०२५ पासून कर्जाच्या पैशातून शिक्षणासाठी बाहेर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापत नाहीत, तेवढा दिलासा.

दुसरी जागा माईच्या आजीने दाखवली. नातीच्या लग्नासाठी बारा तोळे जमवून ठेवलेले. घेतले तेव्हा कुणाला वाटलं नसेल, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये जळगावच्या सराफ बाजारात सोनं तोळ्याला लाखाच्या घरात गेलं. गंमत पाहा, बारा तोळे आणि ब्लॉक खात्याचे बारा लाख. पण दागिने बावीस कॅरेटचे, आणि बँक तेव्हा किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच कर्ज देत होती. सहा तोळ्यांवर चार लाख मिळाले. बाकीचे सहा तोळे आजीने परत डब्यात ठेवले. म्हणाली, "लग्न काय होणार नाही का?"

तिसरी जागा मृगबाग. जूनच्या वादळात एका एकरातली झाडं घडांसकट आडवी झाली. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा दावा केला, पण विम्याचे पैसे व्हिसाच्या तारखा पाहून येत नाहीत. उभ्या राहिलेल्या बागेतून तीन लाख सुटले. बँकेला परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के स्वतःचा वाटा दाखवायचा असतो, तो यातून. जमले साडेचौदा लाख. वावर शाबूत.

दोन प्रवेश

सहापैकी तीन नकार, एक उत्तर शेवटपर्यंत आलं नाही, दोन होकार. एक बाडेन-व्युर्टेमबर्गमधला, विषय हुबेहूब तिच्या मनातला, भूजलाची स्वतंत्र शाखा. दुसरा फी नसलेल्या राज्यातला, त्यात सांडपाणी आणि कचरा व्यवस्थापनाचा भाग बराच. माझं मत पहिल्याकडे होतं. दोन वर्षांचे सहा हजार युरो म्हणजे सहा लाख, पदवी आयुष्यभराची, मी म्हटलं मुलगी कमवेल आणि फेडेल.

कमवेल कसं, याचा हिशोब माईने मांडला. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. २०२५ चा किमान मोबदला तासाला १२.८२ युरो. २८० अर्धे दिवस म्हणजे कागदावर चौदा हजारांच्या वर. पण तिने जर्मनीत आधी गेलेल्या चार सीनिअर मुलांना फोन करून विचारलं. जर्मन येत नसेल तर पहिले सहा महिने काम मिळणं कठीण, आणि भारतीय विद्यार्थी आता तिथे परदेशी मुलांत सर्वाधिक. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९,४८३. कामालाही रांग, खोलीलाही रांग. स्टुटगार्टच्या बाजूला खोलीचं भाडं ऐकून नाना म्हणाले, "इतक्यात आपल्याकडे सालदार ठेवता येईन."

तिने फी नसलेलं घेतलं. मी दोन दिवस नाराज होतो. आजही माझं मत पूर्ण बदललेलं नाही. विषयाचा नेमकेपणा ही गोष्ट स्वस्त नसते. पण कर्जाची सही माझी नव्हती.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरला, मग मुंबईला भेटीची वेळ. भुसावळहून रात्रीच्या गाडीने बाप-लेक गेले, फाईल नानांनी उशाशी घेतली. व्हिसा शुल्क ७५ युरो. १ जुलै २०२५ पासून जर्मन वकिलातींनी नकाराविरुद्ध फेरविचाराची जुनी सोय बंद केली होती. आता नकार आला तर नवीन अर्ज किंवा न्यायालय. त्यामुळे प्रत्येक कागद दोनदा तपासला. बाकी त्या भागात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि व्हिसाच्या बाबतीत तेच चांगलं. पाचेक आठवड्यांत पासपोर्ट परत आला.

ती निघायच्या आठवड्यात, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अमेरिकेने नव्या एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावल्याची बातमी आली. मामांचा फोन आला, बरं झालं तिकडे गेलो नाही म्हणून. मी म्हटलं, मामा, आपण ते शहाणपणाने टाळलं नव्हतं, पैसे नव्हते म्हणून टाळलं होतं.

पहिले काही आठवडे ती एका सीनिअर मुलीच्या खोलीत गादी टाकून राहिली. विद्यार्थी वसतिगृहाची खोली नोव्हेंबरात मिळाली. महिन्याच्या ९९२ पैकी भाडं आणि आरोग्य विमा यांतच निम्म्याहून जास्त जातात. कळण्याचं पीठ सोबत नेलं होतं, ते दिवाळीआधी संपलं. जर्मन भाषेचा वर्ग तिने इथेच ए-वन या पहिल्या पातळीपर्यंत केला होता, आता संध्याकाळी पुढचा करते. काम अजून नाही. दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून, हा प्रश्न तसाच उभा आहे, आणि पुढच्या मृगबागेकडे त्यासाठी सगळ्यांचे डोळे लागलेत.

नाना परवा जळगावला आले तेव्हा माझ्याकडे थांबले. माईचा धाकटा भाऊ बारावीला आहे. मला वाटलं त्याच्या सीईटीबद्दल विचारतील. त्यांनी खिशातून गावच्या नकाशाची झेरॉक्स काढली आणि रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांवर बोट ठेवलं. "एवढं बिनशेती करायला काय काय लागते, ते तलाठ्याले विचारून आलो. तुम्ही एकदा कागद पाहून घ्या."